परीक्षकांचा निकाल आणि मुलीचे बदललेले रंग

वाचक भगिनीचे पत्र

सप्रेम नमस्कार,

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि अनेक वर्षे घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. माझी मुलगी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी ‘प्रोजेक्ट रनवे’ या अमेरिकी स्पर्धेचा जुना, आठवा सीझन रोज रात्री जेवणानंतर बसून पाहिला. मोंडो गेरा नावाचा स्पर्धक आम्हाला पहिल्यापासून आवडला होता. त्याचे रंग, त्याने स्वतः तयार केलेले प्रिंट, त्याचा संकोची स्वभाव, सगळेच मनात भरले होते. तोच जिंकणार याची इतकी खात्री होती की शेवटचा भाग पाहायच्या दिवशी मी शिरा करून ठेवला होता. जिंकली ग्रेचेन जोन्स. तिचे मातकट रंगांचे कपडे पाहून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

मला दोन रात्री नीट झोप लागली नाही, हे मी घरात कुणालाही सांगितलेले नाही. पण खरी काळजी मुलीची आहे. तिचे ग्रॅज्युएशन कलेक्शन चेंदणी कोळीवाड्यातल्या बायकांच्या लुगड्यांवरून सुचलेले होते. एकूण पाच पोशाख, गडद गुलाबी, पोपटी आणि हळदी रंगांचे. निकाल पाहिल्यानंतर तिने ते सगळे कपाटात टाकले आणि आता ती बेज आणि खाकी रंगांत नवे कलेक्शन करते आहे. ‘परीक्षकांना हेच हवे असते, आणि तसेही सगळे आधीच ठरलेले असते,’ असे तिचे म्हणणे. ज्युरी, म्हणजे महाविद्यालयातले कलेक्शनचे अंतिम परीक्षण, तीन आठवड्यांवर आली आहे. तो निकाल खरोखरच अन्यायाचा होता का? आणि मी तिला काय सांगू? तिचे बाबा म्हणतात की टीव्हीवरच्या कार्यक्रमाचे एवढे मनावर घेणाऱ्या तुम्ही दोघी वेड्या आहात.

– एक आई, नौपाडा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पटत नाही, आणि तुम्ही न लागलेली झोप घरात लपवून ठेवली आहे म्हणून ते सर्वांत आधी सांगते. ज्या बाईने आयुष्यभर कापड हाताळले, गिऱ्हाइकाच्या अंगावर कोणता रंग उठेल आणि कोणता मरेल हे नुसत्या नजरेने ओळखले, तिला कापडाविषयीचा एखादा निर्णय चुकीचा वाटला तर तिने अस्वस्थ व्हावे यात वेडेपणा कसला? क्रिकेटच्या अंतिम सामन्यात पंचाने चुकीचा निर्णय दिला तर अख्खी सोसायटी आठवडाभर त्यावर बोलते आणि त्याला कुणी वेड म्हणत नाही. शिवणकामाच्या स्पर्धेवर दोन बायकांनी तितक्याच पोटतिडकीने बोलले की मात्र ते हसण्यावारी नेले जाते. हा भेद मला मान्य नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. ज्या निकालाने तुमची झोप उडवली तो 28 ऑक्टोबर 2010 रोजी अमेरिकेत प्रसारित झाला, आणि तेव्हाही तिथल्या असंख्य प्रेक्षकांची अवस्था तुमच्यासारखीच झाली होती. त्या स्पर्धेच्या सर्वांत वादग्रस्त निकालांत त्याची आजही गणना होते. मुख्य म्हणजे परीक्षकांमध्येही एकमत नव्हते. चार परीक्षकांपैकी कार्यक्रमाची सूत्रसंचालिका हायडी क्लूम आणि पाहुणी परीक्षक जेसिका सिम्पसन यांचा कौल मोंडोला होता, तर डिझायनर मायकेल कोर्स आणि फॅशन मासिकाच्या संपादिका नीना गार्सिया यांचा ग्रेचेनला. बराच वाद झाल्यावर शेवटी ग्रेचेनचे नाव पुढे आले. स्पर्धकांना तेव्हा वर्कशॉपमध्ये मार्गदर्शन करणारे टिम गन यांना निकालात मत नव्हते, आणि त्यांनीही पुढे हा निर्णय आपल्याला पटला नसल्याचे जाहीरपणे सांगितले. म्हणजे ताई, तुमच्या घरातल्या सोफ्यावर जे मत तयार झाले, तेच मत त्या टेबलावरही अर्ध्या लोकांचे होते.

माझे मत विचाराल तर मीही मोंडोलाच कौल दिला असता. मेक्सिकन सणांच्या आणि मृतांच्या स्मृतिदिनाच्या रंगांतून त्याने आपले कलेक्शन उभे केले होते. एका पोशाखात दोन-तीन प्रिंट एकत्र आणून डोळ्यांना गोंधळात न टाकणे फार थोड्यांना जमते. चौकडीच्या कापडाचा ब्लाउज शिवताना बाजूच्या शिवणीवर चौकड्या जुळवायला किती वेळ जातो, आणि कापड किती जास्त लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोंडो ते काम ठरावीक तासांत, कॅमेऱ्यासमोर, पुन्हा पुन्हा करत होता. माझ्या नजरेत ते अधिक अवघड होते आणि अधिक त्याचे स्वतःचे होते.

तरीही या निकालाला मी अन्याय म्हणणार नाही. कोर्स आणि गार्सिया यांना ग्रेचेनचे कलेक्शन येणाऱ्या काळातल्या फॅशनच्या दिशेशी जुळणारे वाटले. बाजाराची नाडी ओळखणे हा दोघांच्याही रोजच्या कामाचा भाग होता. ग्रेचेन काही अचानक उगवलेली स्पर्धक नव्हती. त्या सीझनची पहिली दोन आव्हाने तिनेच जिंकली होती, हे शेवटच्या भागाच्या रागात आपण विसरतो. कोणते कलेक्शन अधिक मौलिक आहे, असा प्रश्न तुम्ही आणि मी मनात धरला होता. पुढच्या हंगामात बायका काय घालतील, असा त्या दोघांच्या मनातला प्रश्न होता. वेगळ्या प्रश्नाला वेगळे उत्तर आले. ते मला आवडले नाही, पण खोटेपणाही त्यात मला दिसत नाही.

कोणती स्पर्धा नेमके काय मोजते हे आपण पाहताना क्वचितच तपासतो. ‘मेकिंग द कट’ ही 2020 मध्ये आलेली स्पर्धा तुमच्या मुलीने पाहिली असेल. तिथे स्पर्धकांनी नमुना आणि सूचना तयार करून ठेवल्या की रात्रीतून शिवणकाम दुसरे कारागीर करत, आणि प्रत्येक भागातला जिंकलेला पोशाख लगेच ऑनलाइन विक्रीला ठेवला जाई. बक्षीस दहा लाख डॉलरचे होते आणि शोध होता तो जगभर चालेल असा ब्रँड उभारू शकणाऱ्या माणसाचा. बर्लिनची एस्टर पेरबांट, जी जवळजवळ सर्व काम काळ्या रंगात करते आणि जिची शैली दुरूनही ओळखू येते, ती अंतिम फेरीत जॉनी कोटाकडून हरली तेव्हाही प्रेक्षक असेच हळहळले. गंमत अशी, ताई, की तिथे काळ्या रंगाला चिकटून राहिलेली स्पर्धक प्रेक्षकांची लाडकी होती आणि इथे रंगांची उधळण करणारा. प्रेक्षकांचे प्रेम रंगावर नव्हते. हा माणूस दुसऱ्या कुणासारखे काम करूच शकत नाही, ही जी खात्री दोघांनाही पाहताना वाटत होती, तिच्यावर ते प्रेम होते. ही गोष्ट मुलीला जरूर सांगा, कारण खाकी रंग निवडताना तिने नेमका याच्या उलट अर्थ लावला आहे.

तुम्ही दोघींनी मोंडोला अनेक रात्री आपल्या घरात बसवून घेतले होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्याच सीझनमध्ये कापडावरचे प्रिंट स्वतः तयार करण्याचे एक आव्हान होते. त्यात मोंडोने अधिकच्या चिन्हाची नक्षी केली आणि परीक्षकांसमोर त्या नक्षीचा अर्थ उलगडताना, दहा वर्षे घरच्यांपासूनही लपवलेली एचआयव्हीची लागण प्रथमच उघड केली. तो प्रसंग पाहिल्यानंतर कुठल्याही प्रेक्षकाला त्याचे कपडे नुसते कपडे म्हणून पाहता येणे कठीण आहे, आणि तसे पाहावे असा माझा आग्रहही नाही. पण परीक्षकांनी स्पर्धकांच्या रात्री, त्यांचे फोन, त्यांची भांडणे पाहिलेली नसतात. त्यांच्यासमोर रॅम्पवरून पोशाख येतात, आणि तेही हाताच्या अंतरावर. आपल्याला पडद्यावर जे दिसते ते संकलकाने अनेक तासांच्या चित्रीकरणातून वेचलेले असते. कापड कसे पडते, शिवण कुठे ओढली गेली आहे, उरेबात, म्हणजे तिरका, कापलेला घेर हलतो की लोंबतो, हे पडद्यावर नीटसे कळत नाही. माणूस आपल्याला जास्त दिसतो आणि वस्त्र त्यांना. म्हणून तुमची निराशा खोटी ठरत नाही, पण ती अर्धी वस्त्राविषयीची आणि अर्धी माणसाविषयीची आहे, एवढे मान्य केले की तिची धार थोडी कमी होईल असे मला वाटते.

‘सगळे आधीच ठरलेले असते’ या मुलीच्या वाक्याला मात्र मी सहज सोडणार नाही, कारण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या तोंडी ते वाक्य घातक आहे. अमेरिकेत 1950च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांची उत्तरे काही स्पर्धकांना आधीच पुरवली जात असल्याचे उघड झाले, मोठा गदारोळ झाला, आणि 1960 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून ज्ञानाच्या, कौशल्याच्या वा नशिबाच्या प्रसारित स्पर्धेचा निकाल प्रेक्षकांना फसवण्यासाठी आधीच निश्चित करणे हा गुन्हा ठरवला. तेव्हा विजेता पहिल्या दिवशीच ठरवून मग तेरा-चौदा भाग नाटक करणे तिथे वाटते तितके सोपे नाही. दुसरीकडे, निर्माते पूर्णपणे तटस्थ असतात असे समजणेही भाबडेपणाचे होईल. अशा अनेक स्पर्धांच्या शेवटी सरकणाऱ्या नामावलीत, स्पर्धकांना बाद करण्याच्या निर्णयात निर्मात्यांशी सल्लामसलत झाल्याची सूचना बारीक अक्षरांत दिलेली असते. चांगला खलनायक निर्मात्यांना लवकर घरी पाठवायचा नसतो. मधल्या फेऱ्यांत कोण टिकते यावर या गरजेची सावली पडू शकते, हे मुलीला मोकळेपणाने सांगावे. तरुण मुलांना अर्धे सत्य दिले की ती उरलेले अर्धे स्वतःच्या संशयाने भरतात.

एक तपशील तिला आवडेल. तो सीझन चालू असतानाच सप्टेंबर 2010 मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये अंतिम फेरीची कलेक्शने रॅम्पवर आली. कोण अंतिम फेरीत पोहोचले हे त्या वेळी प्रेक्षकांना कळू नये म्हणून बाद झालेल्या काही स्पर्धकांनाही तिथे आपली कलेक्शने दाखवण्याची संधी दिली गेली. स्पर्धा हरली हे ठाऊक असूनही त्यांनी ती शिवली, फिटिंग केली आणि मोठ्या गर्दीपुढे मांडली. मला स्वतःला त्या कलेक्शनांविषयी विजेत्यापेक्षा जास्त कुतूहल वाटते.

आपल्याकडेही परीक्षकांनी धक्का दिल्याची उदाहरणे आहेत. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत 2022 मध्ये अंतिम फेरीच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असे ठरवले आणि करंडक कुणालाच दिला नाही. महाविद्यालयीन रंगभूमीवर काम करणाऱ्या मुलांनी महिनोन्महिने तालमी केल्या होत्या. त्यांना काय वाटले असेल याची कल्पना ठाण्यातल्या कुठल्याही नाटकवेड्या घरात करता येईल. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. पण त्यानंतर आता परीक्षकांना रुचेल असेच नाटक करायचे असे ज्या मुलांनी ठरवले असेल, त्यांच्यापुढे एक साधी अडचण उभी राहिली असणार, ती म्हणजे पुढच्या वर्षी परीक्षक वेगळे असतात. तुमच्या मुलीचीही हीच अडचण आहे. तिने कोर्स आणि गार्सिया यांची 2010 मधली आवड प्रमाण मानली. तिच्या ज्युरीच्या टेबलावर ते दोघे बसणार नाहीत, आणि वर्षही ते नाही.

मोंडो आणि ग्रेचेन यांच्या पुढच्या वाटचालीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या मनात ते असेल. 2012 मध्ये याच स्पर्धेच्या पूर्वीच्या स्पर्धकांना एकत्र आणणारा ‘ऑल स्टार्स’ सीझन झाला आणि तो मोंडोने जिंकला. हे वाचून तुम्हाला बरे वाटेल, मलाही वाटले होते. मात्र त्यामुळे आधीचा निकाल चुकीचा होता हे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही, कारण मोंडो न जिंकता तरी त्याचे 2010चे कलेक्शन तितकेच चांगले राहिले असते. याच स्पर्धेच्या पहिल्या सीझनचा विजेता जे मॅकॅरॉल याने तर एक लाख डॉलरची बक्षिसाची रक्कमच नाकारली, कारण करारातल्या अटीनुसार त्याच्या पुढच्या व्यावसायिक कमाईतला दहा टक्के वाटा निर्मात्यांकडे जाणार होता. ज्या विजयासाठी आपण रात्री जागतो त्याच्या मागचे कागद असे असतात.

आता तुमच्या मुलीचे कलेक्शन. मी बरीच वर्षे पॅटर्नमेकिंग शिकवले आहे आणि महाविद्यालयीन ज्युरीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, म्हणून हा भाग मला जरा विस्ताराने सांगावासा वाटतो. टीव्हीवरचे परीक्षण आणि महाविद्यालयातली ज्युरी यांत मोठे अंतर आहे. ज्युरीसमोर पाच पोशाख मॉडेलच्या अंगावर येतात खरे, पण त्याआधी टेबलावर स्केचबुक, मूडबोर्ड, कापडाचे तुकडे, मांजरपाटावर केलेले पहिले नमुने, त्यांवरच्या खडूच्या खुणा आणि बदलत गेलेले पॅटर्न, असे सगळे मांडलेले असते. परीक्षक विचारतात की ही बाही अशी का, हा घेर इथूनच का सुरू होतो, हा रंग कुठून आला. ज्या मुलीने कोळीवाड्यात जाऊन लुगडे कसे नेसतात, काष्टा कसा घट्ट बसतो, पायांना चालायला मोकळीक कशी मिळते, मासळीच्या टोपलीचे ओझे डोक्यावर असताना कापड कुठे सुटते आणि कुठे धरून राहते, हे पाहिले आणि कागदावर उतरवले, तिच्याकडे या प्रश्नांची उत्तरे असतात. खाकी रंगाविषयी विचारले तर ती काय सांगणार? परदेशातल्या एका स्पर्धेत तो जिंकला म्हणून, हे उत्तर तिला देता येणार नाही, आणि दुसरे उत्तर तिच्याकडे नाही. तीन आठवड्यांत कापड शिवून होईल, पण त्यामागचे महिने उभे करता येणार नाहीत, आणि अनुभवी परीक्षकाला ती उणीव पहिल्या दोन प्रश्नांत कळते.

बेज रंग सुरक्षित असतो हा तिचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे, आणि तो तपासायला तुमच्याइतके योग्य माणूस दुसरे नाही. गडद फुलांच्या कापडावर शिवण किंचित ओढली गेली तर ती नक्षीत लपून जाते. साध्या, फिकट, एकरंगी कापडावर मात्र टक अर्धा सेंटिमीटर चुकला, अस्तर जरा कमी पडले, इस्त्री नीट बसली नाही, तरी सगळे उघडे पडते. उत्तम बेज पोशाख हा कापाच्या आणि फिटिंगच्या भरवशावर उभा राहतो आणि त्यासाठी मांजरपाटावर कितीतरी फेऱ्या कराव्या लागतात. ग्रेचेनला तो सराव होता, तिचे ते रोजचे रंग होते. तुमच्या मुलीच्या हाताला प्रिंटचा सराव आहे. घाईने शिवलेले फिकट कलेक्शन तिच्या उणिवा दाखवेल, आणि तिचे जे बळ आहे ते कपाटात राहील. हे तुम्ही तिला शिक्षिकेच्या आवेशात सांगू नका. एका दुपारी दोन्ही कापडांचे तुकडे समोर घ्या, दोन्हींवर तीच बाही धावदोऱ्याने जोडा आणि तिला पाहू द्या. शिवणाऱ्या घरातल्या मुलीला हात जे पटवतो ते तोंड पटवू शकत नाही.

काय बोलू नये, तेही सांगते. ‘अगं, तो नुसता कार्यक्रम होता’ असे म्हणू नका, कारण तुम्हाला स्वतःला तो नुसता कार्यक्रम वाटलेला नाही आणि मुलगी ते ओळखून आहे. ‘तुझेच कलेक्शन चांगले आहे, ज्युरी खूश होईल’ असेही आश्वासन देऊ नका. ज्युरी खूश होईलच असे कुणीही सांगू शकत नाही, आणि आश्वासन खोटे ठरले तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाचे वजन कमी होईल. त्याऐवजी तुम्हाला दोन रात्री झोप लागली नाही हे तिला सांगा. आपली आई आपल्याइतकीच हळहळली हे कळल्यावर तिला मनातले बोलायला वाट मिळेल. तिचा राग मोंडोसाठी जितका आहे तितकाच स्वतःच्या भीतीतून आला असावा असा माझा कयास आहे. तिच्या कलेक्शनमध्ये रंग होते, आपल्या गावच्या, आपल्या शेजारच्या बायकांचे काहीतरी होते, आणि तशाच स्वभावाचा माणूस डोळ्यांदेखत हरला. ‘मीही हरेन’ हे वाक्य तिला उच्चारता आले नाही, म्हणून तिने कापड बदलले.

त्यानंतर तिला एक काम द्या. मोंडोचे अंतिम कलेक्शन पुन्हा पाहून, तो हरला हे बाजूला ठेवून, परीक्षकाच्या भूमिकेतून त्याच्या प्रत्येक पोशाखाविषयी तिने दोन-तीन वाक्ये लिहावीत. काय जमले, काय जास्त झाले, कुठे दागिने आणि टोप्या कमी असत्या तर पोशाख उठून दिसला असता, असे सगळे. मग तेच ग्रेचेनच्या कलेक्शनविषयी करावे, आणि शेवटी स्वतःच्या पाच पोशाखांविषयी. मोंडोवर झालेल्या टीकेतला एखादा मुद्दा, विशेषतः एकाच वेळी फार गोष्टी मांडल्याचा, तिच्या कोळीवाड्याच्या कलेक्शनलाही लागू पडत असेल तर तिने तो जरूर घ्यावा. पाचपैकी एका पोशाखात रंग कमी करून फक्त नेसण्याची रचना पुढे आणता येईल, आणि तिने विकत आणलेले खाकी कापड तिथे कामी येईल. हा बदल मला आवडेल, कारण तो तिच्या कलेक्शनच्या आतून आलेला असेल आणि ज्युरीने कारण विचारले तर तिला ते सांगता येईल.

ज्या तरुण डिझायनरांना पहिल्या खेपेस मनासारखे यश मिळाले नाही त्यांची यादी मी देणार नाही, तशा याद्या धीर कमी देतात आणि दडपण जास्त. एकच सांगते. पुढे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच डिझायनर इव्ह सेंट लॉराँ यांना 1953 मध्ये लोकरीच्या वस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला होता. 1954 मध्ये त्यांनी पुन्हा भाग घेतला आणि ड्रेसच्या विभागात ते पहिले आले. त्याच वर्षी कोटाच्या विभागात पुढे तितकेच नावाजलेले डिझायनर कार्ल लागरफेल्ड पहिले आले. तिसऱ्या क्रमांकानंतर लॉराँ यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्याची नक्कल करायला घेतली असती तर पुढे जे घडले ते घडले नसते, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्यासाठीही दोन शब्द, ताई. तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही शिरा केलात. परक्या देशातल्या, भाषा वेगळी असलेल्या एका मुलाच्या शिवणकामासाठी. तुम्ही ज्या गिऱ्हाइकांसाठी आयुष्यभर शिवलेत त्यांच्यापैकी कितीजणींनी तुमच्या नक्षीची, तुमच्या गळ्याच्या कापाची अशी कदर केली असेल, हे मला ठाऊक नाही. पण कदर करायची कशी हे तुम्हाला येते, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलीला घरात तसा डोळा असलेले माणूस असणे ही मोठी गोष्ट आहे. राम मारुती रोडवरच्या दुकानांच्या काचेतले तयार ड्रेस पाहताना तुम्ही दोघी जे बोलत असाल ते बोलणे सुरू ठेवा, आणि आणखी एखादी स्पर्धा एकत्र पाहा. निकाल चुकला असे वाटले तर पुन्हा रागवा. फक्त त्या रात्री मुलीला कापडाला हात लावू देऊ नका.

राहता राहिली वेळेची बाब. तीन आठवडे कमी नाहीत, पण दोन कलेक्शने अर्धवट करायला ते नक्कीच पुरणार नाहीत. तिने याच आठवड्यात आपल्या गाइडची वेळ घ्यावी, कोळीवाड्याच्या कलेक्शनचे सगळे नमुने आणि खाकीत केलेले जे काही असेल ते दोन्ही घेऊन जावे, आणि कलेक्शन बदलायचा विचार का आला होता हे न लपवता सांगावे. मान्य झालेला विषय ज्युरीच्या तोंडावर बदलला तर त्याला विभागाची परवानगी लागते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. गाइडशी बोलणे होईपर्यंत खाकी कापडाला आणखी कात्री लावू नये. आणि भेट झाली की त्याच संध्याकाळी गुलाबी पोशाखाचे फिटिंग करायला घ्यावे. मॉडेल मिळाली नाही तर तुम्ही स्वतः उभ्या राहा, मापे थोडी वेगळी असली तरी काष्टा कुठे ओढतो आहे ते तुमच्या अंगावर तिला नक्की कळेल.